गाभण मेंढीएवढी कमान

थंडी पडली की आमच्या शहराला आपला इतिहास आठवतो. उन्हाळ्यात नाही आठवत, तेव्हा टँकर आठवतो. पावसाळ्यात खड्डे आठवतात. पण दिवाळी सरली, खुलताबादच्या घाटात सकाळचं धुकं बसायला लागलं, चौकाचौकात हातगाड्यांवर बोरं आणि पेरू आले, की कुणीतरी हमखास म्हणतं, "अहो, आपल्याकडं केवढे दरवाजे आहेत!" म्हणजे वर्षभर ते दरवाजे काय गावाला गेले होते?

परवा मी हुरडा खात बसले होते. भाच्यानं शेतातून आणून दिलेला, गुळभेंडी ज्वारीचा, अजून गरम. सोबत लसणाची चटणी. तेवढ्यात फोन वाजला. आमच्या समितीच्या ग्रुपवर निरोप होता : यंदाचा हंगाम सुरू, दरवाज्यांचे फलक नवे करायचे आहेत, ज्यानं त्यानं आपापल्या वाट्याचा मजकूर तपासून पाठवावा. हातातला हुरडा हातातच राहिला. माझ्या वाट्याला एक बारकी कमान आहे. तिच्यावरचा मजकूर माझाच आहे. आणि गेल्या पाच हिवाळ्यांत मी तो एकदाही वाचलेला नाही.

एकतीस वर्षं मी मराठी शिकवलं. दुसऱ्यांच्या वह्या तपासण्यात जन्म गेला. स्वतःचा कागद तपासायची वेळ आली की मात्र चष्मा सापडत नाही.

आमची समिती म्हणजे फार मोठं प्रकरण नाही. घरात नकोशी आणि सभेत हवीशी झालेली पाच-सात निवृत्त माणसं, एक जुनं कपाट आणि कायम अडकणारा एक प्रिंटर. काम मात्र मनापासून करतो, हे सांगते. वस्तीतल्या लोकांनी अर्ज करायचा, आम्ही त्यांच्या पाठीशी उभं राहायचं, एवढंच. बुद्धविहारामागच्या लांब भिंतीवर वस्तीतल्या पोरींना चित्रं काढायची होती. आम्ही परवानगी आणली, शिड्या दिल्या, रंग दिला. पोरींनी काय काढलं? आपापल्या आज्या. वीटभट्टीवरच्या, डोक्यावर पाटी घेतलेल्या, ओळीनं उभ्या. उद्घाटनाला त्या आज्या आल्या आणि स्वतःला शोधत भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालल्या. एक जण म्हणाली, "माझं नाक एवढं मोठं हाय व्हय गं?" आणि सगळ्या हसल्या. असा एखादा दिवस असला की वर्षभर सभांना जायला बळ येतं.

कुणाला चौकात पोवाडा करायचा असतो, कुणाला विणकामाचा माग मांडून दाखवायचा असतो. आम्ही सतरंज्या देतो, माईक देतो, रस्ता दोन तास बंद ठेवायचं पत्र आणतो. आणि रविवारी सकाळी माणसं जमवून दरवाज्या-दरवाज्यांतून चालत नेतो. ज्या मोहल्ल्यात दरवाजा, त्याच मोहल्ल्यातल्या माणसानं त्याची गोष्ट सांगायची, अशी आमची पद्धत. वेरूळला जाणारे पाहुणे आदल्या दिवशी इथं थांबावेत, आमचंही शहर बघावं, हा त्यातला साधा हेतू.

एका हिवाळ्यात एकाच दरवाज्याच्या दोन गोष्टी निघाल्या. या मोहल्ल्याची वेगळी, पलीकडच्या मोहल्ल्याची वेगळी. बघे बाजूलाच राहिले आणि सांगणाऱ्यांतच जुंपली. आमच्या शहरात नावावरून, दगडावरून भांडण पेटायला काडीसुद्धा लागत नाही. मी सभेत ताडकन उभी राहिले आणि नियम मांडला : यापुढं कुणीही तोंडी काही सांगायचं नाही. गोष्ट आधी लिहून घ्यायची, समितीनं तपासायची, मग तीच सांगायची. सगळ्यांनी माना डोलावल्या. एकट्या अन्वरभाईंनी नाही. अन्वरभाई म्हणजे आमचे चुन्याचं काम जाणणारे मिस्त्री. जुन्या भिंतींना कुठला चुना, किती दिवस भिजवलेला, हे त्यांनाच विचारायचं. ते एवढंच म्हणाले, "बाई, मुँह की बात कागज पे उतरी, के ठंडी हो जाती."

मी म्हटलं, अन्वरभाई, चहा गार होतोय तुमचा.

त्याच हिवाळ्यात सुमनचा अर्ज आला. वहीच्या रेघी कागदावर, निळ्या शाईत. ‘आमच्या मामंजींना मेंढीच्या कमानीची गोष्ट येते. त्यांचं वय झालं आहे. तरी समितीनं ऐकावी.’ सुमन त्यांची सून. नवरा चिकलठाण्याला कारखान्यात, घर तटाच्या भग्न भिंतीला लागून, दारात चार मेंढ्या. एके काळी तिथं दीडशेचा कळप बसायचा म्हणे. कुरणाच्या जागी प्लॉट पडले, प्लॉटवर बंगले झाले, आणि कळप चारावर येऊन थांबला.

तिच्या सासऱ्यांचं नाव कडूबा. आमच्याकडं आधीची लेकरं जगली नाहीत की पुढच्याचं नाव कडू ठेवतात, म्हणजे काळाला ते गोड लागू नये. सगळी गल्ली त्यांना कडूबामामा म्हणायची, मीही तेच म्हणू लागले. माणूस मात्र नावाच्या अगदी उलट होता.

मी आणि अन्वरभाई भल्या सकाळी गेलो. अशी थंडी की पेन बोटात धरवेना. तटाची भिंत तिथं पडून पडून कमरेएवढी उरली आहे, पण कमान शाबूत. मोठ्या दरवाज्यांपुढं ही अगदीच बारकी, एखाद्या घराचं मागचं दार शोभेल अशी. पलीकडं उतार आणि उतार संपला की खाम नदी. मामा आमची वाटच बघत होते. अंगावर घोंगडी, डोक्याला पटका, हातात काठी, आणि घोंगडीच्या आतून काहीतरी हलतंय.

"कोकरू हाय बाई. आठ दिसाची हाय. बरं झालं तुमी आजच आल्या. आज हिचं नाव ठिवायचं."

मी म्हटलं, "मामा, आधी गोष्ट सांगा. नाव मग ठेवा."

मामा माझ्याकडं असे बघायला लागले, की बाईंना साधी गोष्ट कशी कळत नाही. "आवो, गोष्ट हिलाच तर सांगायची. तुमी बाजूला हुबं राहून ऐका."

तर ती रीत अशी होती. त्या घरच्या मेंढीला मादी कोकरू झालं, की आठव्या दिवशी त्याला कमानीत आणायचं. कपाळ दगडाला टेकवायचं. मग ही वाट तुझी कशी, हे त्याला सांगायचं. मग त्याची आई कोण, आईची आई कोण, हे थेट पहिल्या मेंढीपर्यंत म्हणत जायचं. शेवटी कानात नाव सांगायचं आणि कमानीतून सोडून द्यायचं. नर झाला तर काही नाही. "त्याला कशाला सांगता? त्यो काय ऱ्हायचाय व्हय?" मामा म्हणाले.

मी कमानीच्या बाजूला उकिडवी बसले, मांडीवर पॅड घेतलं आणि लिहायला लागले. फोनवर बोलणं भरून घेता आलं असतं. पण फोन पुढं केला की म्हातारी माणसं बुजतात, असं माझं ठाम मत होतं. माझी सगळीच मतं तेव्हा ठाम होती.

मामा कोकराशी बोलायला लागले. बादशहानं तट बांधला, त्या आधीपासून आपला वाडा इथंच होता. वाडा म्हणजे मेंढ्यांचा, काट्याकुट्यांचा. सकाळी मेंढरं उतारावरून पाण्याला जायची. एक दिस गेली तर म्होरं भिंत. मेंढरू काय करणार? भिंतीला त्वांड लावून हुबं राहिलं. चारा नाय, पाणी नाय. तीन दिस, तीन राती नुसती ओरडायली. तिकडं बादशहाची झोप उडाली. त्यो म्हणला, कोण रडायलंय? लोकं म्हणले, मेंढरं. त्यो म्हणला, त्यास्नी काय पायजे? आपला मूळपुरुष हात जोडून म्हणला, वाट पायजे. किती? तवा त्यानं कळपातली एक गाभण मेंढी म्होरं घातली. म्हणला, ही मावंल एवढी. बादशहाच्या लोकांनी तिला भिंतीला आडवी लावून माप घेतलं आणि तेवढी भिंत फोडली.

"बघा," म्हणून मामांनी माझा हात धरला आणि कमानीच्या दगडावर ठेवला. गुडघ्याच्या उंचीवर, दोन्ही बाजूंना, तो काळा खडबडीत दगड एकदम गुळगुळीत झालेला. किती वर्षं, किती मेंढ्या लोकर घासत तिथून गेल्या असतील! हाताला चक्क तेलकट लागत होतं. अन्वरभाईंनीही हात फिरवला. आयुष्यभर दगड हाताळलेला माणूस, पण बराच वेळ त्यांनी हात काढला नाही.

मग नावं सुरू झाली. आवाज बदलला, थोडा चढा झाला, नदीच्या बाजूनं कुणाला तरी हाका मारल्यासारखा. "तुझी माय टिकली. टिकलीची माय खैरी. खैरीची माय भुरी. भुरीची माय कानवली..."

मी चार नावं लिहिली. बोटं गारठली होती. पाचवं निसटलं, सहावं आलं. मनात म्हटलं, हे काही गोष्टीत यायचं नाही, पाल्हाळ आहे. कंसात लिहिलं : येथे मेंढ्यांची नावे. आणि पेन टोपणात घातलं.

आता आठवायला बसते तेव्हा एवढंच आठवतं, की नावं खूप होती. वीस होती का तीस होती, देव जाणे. मामा कुठं अडखळले नाहीत. शेवटचं नाव आलं, त्या पहिल्या मेंढीचं, जिच्या मापाची ही कमान, तेव्हा त्यांनी कोकराच्या डोक्यावरचा हात काढला आणि स्वतःच्या कपाळाला लावला. ते मला लख्ख दिसतं. हाताच्या शिरा, पटक्याची सुटलेली किनार, सगळं. नाव तेवढं ऐकू येत नाही. दोन अक्षरी होतं का तीन? त्यात कुठंतरी ‘ळ’ होता असं वाटतं. पण तेही मीच मागून घातलेलं असेल.

त्या कोकराचं नाव हरणी ठेवलं. मामांनी तिला खाली सोडलं. ती थरथरत उभी राहिली, इकडं तिकडं बघितलं आणि टुणकन कमानीच्या पलीकडं गेली. मामा पोटभर हसले. मला म्हणाले, "झालं बाई. आता ही वाट तिची."

मी ते लिहून घेतलं नाही. गोष्ट संपली होती ना!

पुढचं सगळं माझं काम. आमच्या समितीत इतिहासाचे एक सर होते. भला माणूस, शब्दाला पक्का. त्यांनी मजकूर वाचला आणि विचारलं, "बाई, बादशहा असं म्हणाल्याला आधार काय?" आधार कुठला? तीन दिवस मेंढ्या ओरडल्या याला आधार काय? गाभण मेंढी आडवी लावून माप घेतलं याचा कागद कुठं आहे? सरांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. नियम मीच केलेला. मी लाल पेन काढलं. बादशहाची झोप कापली, मेंढीचं माप कापलं, रडणं कापलं. ‘सदर’ घातलं, ‘असे स्थानिक परंपरा सांगते’ घातलं. कागद कसा स्वच्छ दिसायला लागला.

अन्वरभाई म्हणाले, "बाई, वैसाच रैने देव ना. पूरी जान तो उसीच में हे."

मी म्हटलं, "अन्वरभाई, उद्या कुणी उठून वाद घातला तर?"

"मेंढी पे कौन वाद घालेगा, बाई?"

मी पुढची ओळ कापली. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, ते खोटं नाही.

पहिला टाइप केलेला कागद मी मामांकडं घेऊन गेले, त्यांनी सराव करावा म्हणून. मामांना वाचता येत नव्हतं, सुमन वाचून दाखवणार होती. त्या कागदात तो कंस तसाच राहिला होता. म्हटलं, फलक छापताना काढू. मामांनी कागद दोन्ही हातांत घेतला आणि कपाळाला लावला.

"सगळं लिवलं का बाई?"

"हो मामा, सगळं."

सगळं म्हणाले मी. याच तोंडानं.

"लई झाक झालं," मामा म्हणाले आणि भिंतीला टेकून खालीच बसले. "आवो, माझ्या बापानं मरताना मला म्हणलं व्हतं, कडूबा, नावं इसरू नको. तवापसून रोज झोपायच्या आदी एकडाव म्हणतो. पोराला शिकवाया गेलो तर त्याला येळ नाय, त्याचं बी काय चुकलं? कारखान्यातून येतंय, जेवतंय, पडतंय. मला घोर लागला व्हता. आता तुमी लिवून घेतलं, सरकारात जमा झालं. आता म्या इसरलो तरी चालतंय."

त्या दिवशी सुमननं बाजरीची भाकरी आणि ठेचा वाढला. तिची पोर, श्रावणी, तीन-चार वर्षांची असेल, आजोबांच्या घोंगडीत तोंड खुपसून माझ्याकडं बघत होती. परत येताना मला फार बरं वाटत होतं. समितीत असल्याचं सार्थक झालं वगैरे. आज ते आठवलं की अंगाची आग होते.

निघताना मामांनी एक विचारलं होतं. "रविवारी कोकरू आणू का बाई? टिकलीच्या भैनीला आणखी एक झालंय."

मी समितीला विचारलं. जनावर आणायचं तर आणखी एक परवानगी, पाहुण्यांचे कपडे, खाली लेंड्या. सगळ्यांचं मत पडलं, नको. मीच मामांना निरोप दिला, कोकरू नको. मामा म्हणाले, "मग सांगायचं कुणाला?"

"लोकांना, मामा. चाळीस माणसं येणार आहेत."

"बरं," म्हणाले.

रविवारी सकाळी छान ऊन पडलं होतं. टोप्या, कॅमेरे, पाण्याच्या बाटल्या. कमानीपाशी सतरंजी, बाजूला नवा फलक, त्याच्यावर टाकलेलं कापड. इतिहासाचे सर पुढं बसले होते, त्यांच्याशेजारी उद्घाटनाला बोलावलेले महापालिकेचे मोठे साहेब. मामा धुतलेलं धोतर नेसून, नवा पटका बांधून आले. काठी सुमननं घरीच ठेवायला लावली होती, बरी दिसत नाही म्हणून. घोंगडी नव्हती. कोकरू नव्हतं. हात कुठं ठेवावेत हे त्या माणसाला कळत नव्हतं.

मी माईक पुढं धरला.

"सदर," मामा म्हणाले. "सदर कमान ही..."

आणि थांबले. ओठ हलले, पण आवाज आला नाही. चाळीस माणसं कौतुकानं बघत होती. कुणीतरी हळूच म्हणालं, गोड आहेत नाही आजोबा? मामांनी एकदा कमानीकडं बघितलं, एकदा खाली स्वतःच्या पायांपाशी, जिथं कोकरू असायला हवं होतं. मग माझ्याकडं बघितलं आणि माईकवरच विचारलं, अगदी निर्मळपणे :

"बाई, तुमची सांगू, का माझी?"

लोक हसले. मला शरम वाटली. साहेब बघत होते, सर बघत होते. त्या क्षणी ‘तुमची सांगा, मामा’ असं म्हणायला काय लागत होतं? तीन शब्द. साहेब काय मला खाणार होते? पण मी म्हणाले, "कागदावरची सांगा."

मामांनी मान हलवली. त्यांनी खरंच प्रयत्न केला, ते मी बघितलं. ‘नगरतट’ पर्यंत गेले, पुढं गाडी सरकेना. मग त्यांनी कागदावरचं सोडून दिलं आणि स्वतःचं आठवायला लागले. तेही मी बघितलं, कारण त्यांचा हात वर उठला, कोकराचं डोकं शोधायला, आणि तसाच अधांतरी राहिला. तेही आलं नाही. रोज म्हणायचं त्यांनी बंद केलं होतं. सरकारात जमा झालं होतं ना.

शेवटी त्यांनी दोन्ही हात जोडले. "दरवाजा हाय," म्हणाले. "बघून घ्या."

टाळ्या झाल्या. साहेबांनी फलकावरचं कापड काढलं. मंडळी पोह्यांकडं वळली. अन्वरभाई पोहे न खाताच निघून गेले, आणि माझ्याशी महिनाभर बोलले नाहीत.

मामा त्याच फाल्गुनात गेले. छातीत दुखायचं निमित्त झालं. मी भेटायला गेले तेव्हा भिंतीवर त्यांचा फोटो होता, हार घातलेला, आणि फोटोशेजारी माझा टाइप केलेला कागद. सुमननं तो प्लॅस्टिकमध्ये घट्ट बसवून आणला होता, ओल लागू नये म्हणून. मेंढ्या विकल्या होत्या. हरणीसुद्धा. मी चहा घेतला आणि उठले. त्या घरात नावांबद्दल विचारायला मला तोंड नव्हतं.

तर परवाचा निरोप आला आणि मी ठरवलं, आता नाही टाळायचं. फलक नवा होणारच आहे, तर या वेळी कुणाच्या बापाला न भिता पुरी गोष्ट घालायची. बादशहाची उडालेली झोप घालायची, गाभण मेंढी घालायची, एकूण एक नाव घालायचं. जुनं पॅड शोधलं. सापडलं. टिकली, खैरी, भुरी, कानवली. मग एक मोरी, बहुतेक सहावी. मग कंस.

अन्वरभाईंना फोन केला. ते आता थकलेत, ऐकायला कमी येतं. मी ओरडून विचारलं, अन्वरभाई, मेंढ्यांची नावं आठवतात का? त्यांनी प्रश्न दोनदा विचारायला लावला. मग म्हणाले, "टिकली याद हे. खैरी याद हे. आगे का नै, बाई. मैं तो समझा, आप लिख रै."

आणि काल सकाळी सुमनकडं गेले. समितीनं यंदा शाळेतल्या पोरांसाठी एक नवा कार्यक्रम घेतलाय : आपल्या घरातला वारसा पोरांनी स्वतः येऊन सांगायचा. सुमननं श्रावणीचं नाव दिलंय. मला वाटलं, पोरीच्या कानावर तरी काही पडलं असेल, घरात कुणाला तरी काही येत असेल. रस्त्यात कमान लागली. गुडघ्याच्या उंचीवर हात लावून बघितला. दगड अजून गुळगुळीत आहे, पण धुळीनं कोरडा पडलाय.

सुमननं केस पांढरे व्हायला लागलेत ते लपवलेले नाहीत. ती चहा ठेवत होती तेव्हा मी विचारून टाकलं. "सुमन, मामा नावं म्हणायचे ना मेंढ्यांची, ती कुणाला येतात गं घरात?"

"ह्यांना चार-पाच येत्यात. टिकली, खैरी, असली. पुढची मामंजींनाच." मग ती हसली. "पण तुमच्याकडं हायेत की बाई. तुमी समदी लिवून घेतली व्हती."

मी चष्मा काढून पदरानं पुसत बसले.

श्रावणी आता नऊ वर्षांची आहे. दोन वेण्या, शाळेचा गणवेश, आजोबांसारखेच बारीक डोळे. सुमन म्हणाली, "बाईंना म्हणून दाखव. तुज्या पंजोबाच्या बी आदीपसूनची गोष्ट हाय म्हणावं. नीट, हात मागं बांधून."

पोर भिंतीपाशी, फोटोखाली उभी राहिली. घसा साफ केला. आणि खणखणीत आवाजात, एकही जोडाक्षर न चुकता, म्हणायला लागली :

"सदर कमान ही नगरतटाचा एक भाग आहे. धनगर समाजातील पशुपालक या मार्गाने आपले कळप नदीकडे नेत असत, असे स्थानिक परंपरा सांगते. कमानीची रुंदी तुलनेने कमी आहे."

इथं ती थांबली. मागं बांधलेला उजवा हात तिनं सोडवून पुढं आणला. आणि आवाज थोडा चढवून, नदीच्या बाजूनं कुणाला तरी हाक मारल्यासारखं म्हणाली :

"येथे मेंढ्यांची नावे."

आणि हात कपाळाला लावला.

मला पुढचं दिसेना. ती मात्र हात पुन्हा मागं बांधून म्हणत राहिली, लेखी पुरावा उपलब्ध नाही, इथपर्यंत. मग एक पाऊल मागं सरून नमस्कार केला.

"तिथं कपाळाला हात लावायचं म्या शिकवलं तिला," सुमन म्हणाली. "मामंजी लावायचे." तिचा चेहरा नुसता फुलून आला होता. "एक शब्द बी चुकली नाय ना बाई? तुमी कागद घिऊन तपासून बघा."

तिनं भिंतीवरचा कागद काढून माझ्या हातात दिला. मी चष्मा लावला आणि पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत बोट फिरवत तपासला. पोर माझ्या तोंडाकडं बघत उभी होती. तिची एकही चूक नव्हती.